हिंवाळ्यांतली पहिली जाग

इंग्रजी वर्षाचा शेवटचा महिना लागला कीं वर्तमानपत्रांत थंडीची बातमी येऊं लागते. पहिल्या पानावर राजकारण, निवडणुका, बाजारभाव हीं नेहमींचीं प्रकरणें असतात, आणि आंत कोठें तरी चार ओळींत पारा किती अंशांवर उतरला तें दिलेलें असतें. पहिल्या पानावरील बातम्यांवर घरांतील पुरुषमंडळी चहाबरोबर तासच्या तास वाद घालतात. थंडीच्या बातमीवर वाद होत नाहीं. कारण ती वाचण्यापूर्वींच प्रत्येकाच्या अंगाला कळलेली असते. आमच्या मतें डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांतील खरी बातमी हीच. देशांतील घडामोडी दिवाणखान्यांत येऊन थांबतात; थंडी मात्र स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत व देवघरांत शिरते आणि घराची सारी दिनचर्या बदलून टाकते. ह्या दिनचर्येंतील कांहीं किरकोळ गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या, व त्यांतील एक गोष्ट किरकोळ नाहीं हें दाखवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आमचें गांव छत्रपति संभाजीनगर. २०२३ सालीं हें नांव सरकारदरबारीं कायम झालें. त्यापूर्वीं तें औरंगाबाद होतें, आणि त्याच्याही पूर्वीं, १६१० च्या सुमारास मलिक अंबरानें येथें शहर वसविलें तेव्हां, त्यास खडकी म्हणत. नांवें बदललीं, पण ज्या पठारावर तें वसलें आहे तें बदललेलें नाहीं. समुद्रसपाटीपासून ह्या पठाराची उंची साडेपांचशें मीटरांहून अधिक आहे. पावसाळा सरून आकाश निवळलें कीं हवेंतील ओल कमी होते, आणि दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली ऊब उघड्या आकाशाला देऊन मोकळी होते. वर ढगांचें पांघरूण नसल्यामुळें ती ऊब अडून राहत नाहीं. परिणाम असा कीं, दुपारीं अंगावरील स्वेटर काढून ठेवावा लागतो आणि पहाटे रजईबाहेर हात काढवत नाहीं. मुंबईच्या पाहुण्यांची येथें हमखास फजिती होते. "तुमच्याकडे थंडी कोठें आहे?" असें दुपारीं विचारणारे गृहस्थ दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वाजेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत.

दिवसाच्या लांबीविषयींही एक मौज सांगण्याजोगी आहे. वर्षांतील सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, हें शाळेंतील मुलालाही ठाऊक असतें. त्यावरून सर्वांत लवकरचा सूर्यास्तही त्याच दिवशीं होत असेल, असें आपण धरून चालतों. पण तसें नाहीं. आमच्या गांवीं सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यांतच होऊन जातो. डिसेंबर लागतांना सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर संध्याकाळ हळूहळू लांबूं लागते. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराउशिरानेंच उजाडत जाते. पृथ्वीची कक्षा अगदीं वर्तुळाकार नाहीं व तिचा आंस कललेला आहे. त्यामुळें घड्याळाचें मध्यान्ह व सूर्याचें मध्यान्ह यांचा मेळ रोज सारखा बसत नाहीं, हें त्याचें कारण. आमच्या आईला हें गणित कोणीं शिकविलेलें नाहीं. तरी साठ वर्षें सांजवात लावल्यामुळें ती दरवर्षीं ह्या दिवसांत न चुकतां सांगते, "आतां संध्याकाळ सरकूं लागेल, पहाट मात्र अजून काळोखांत जायची आहे." पहाट काळोखांत जाते, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पंचांगाच्या दृष्टीनें हा काळ बहुधा मार्गशीर्षाचा. दत्तजयंती २०२३ सालीं २६ डिसेंबरला, २०२४ सालीं १४ डिसेंबरला आणि २०२५ सालीं ४ डिसेंबरला आली. दरसाल दहाबारा दिवस मागें सरावें आणि अधिक मास आला कीं पुन्हां पुढें जावें, अशी आपल्या सणांची चाल आहे. गुरुवारीं महालक्ष्मीची पूजा असते. चंपाषष्ठीला शहरालगतच्या सातारा गांवीं खंडोबाच्या दर्शनाला गर्दी होते, आणि चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें त्या दिवशीं भरताच्या रूपानें मोठ्या सन्मानानें पानांत परत येतें. दत्तजयंतीचें तर आमच्या मुलखाशीं विशेष नातें. एकनाथमहाराजांचे गुरु जनार्दनस्वामी हे दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते. दत्तोपासनेचा धागा त्या किल्ल्यावरून पैठणास गेला.

ह्याच आठवड्यांत ६ डिसेंबर येतो. १९५६ सालीं त्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें महापरिनिर्वाण झालें. ह्या शहरांत त्यांनीं १९५० सालीं सुरू केलेलें महाविद्यालय, जें पुढें मिलिंद महाविद्यालय ह्या नांवानें प्रसिद्धीस आलें, त्यांतून मराठवाड्यांतील किती तरी घरांत पहिला पदवीधर निर्माण झाला. त्यांनीं मार्च १९२७ मध्यें महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह केला तो पाण्यासाठीं होता, हें आमच्यासारख्या घरांनीं त्या दिवशीं विशेषेंकरून आठवावें. पाणी कोणीं भरावें, कोणीं प्यावें आणि कोणीं दुरून पाहावें, हे नियम आपल्याच घरांतून निघाले होते. पाण्याच्या मागें नेहमीं न्यायाचा प्रश्न उभा असतो. आणि आम्हीं पुढें जें सांगणार आहों, त्यांतही लहान प्रमाणावर तोच प्रश्न आहे.

खाण्यापिण्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. वाचकांच्या घरींही हाच थाट असेल. बाजरीची भाकरी, लोणी, तिळाची चटणी, मेथी, कोंवळ्या मुळ्याची कोशिंबीर, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, आणि हुरड्याची वाट पाहणें. शाळू ह्या वेळीं अजून भरावयाचा असतो, तथापि शेत असलेल्या आप्तांना "यंदा कधीं?" असें विचारण्यास आरंभ झालेला असतो. आईची जुनी हिमरू शाल ट्रंकेंतून बाहेर निघते. रेशीम व सूत मिळून विणलेली ही शाल आमच्या गांवची खूण, आणि तिला लवंगांचा वास येतो. न्हाणीघरांतील तांब्याचा बंब माळ्यावर गेला व त्याच्या जागीं गीझर आला, एवढाच काय तो फरक. एक सूचना मात्र येथें केली पाहिजे. ज्यांच्याकडे गॅसचा गीझर असेल त्यांनीं तो बंद न्हाणीघरांत बसवूं नये. हवा खेळती नसेल तर जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि थंडीमुळें दारेंखिडक्या लावून आंघोळ करणारीं माणसें त्यानें दगावलीं आहेत.

थंडी हा आमच्याकडे पाहुण्यांचाही हंगाम. वेरूळ आणि अजिंठा पाहावयास ह्याहून चांगला काळ नाहीं. १९८३ सालीं दोन्हीं ठिकाणें जागतिक वारशाच्या यादींत गेलीं, आणि तेव्हांपासून आमचें घर आप्तेष्टांच्या यादींत अधिकच वर गेलें. वेरूळ मंगळवारीं व अजिंठा सोमवारीं बंद असतो, हें आम्हीं इतक्या वेळां इतक्यांस पत्रानें, तारेनें, दूरध्वनीनें व आतां व्हॉट्सअॅपवर कळविलें आहे कीं, तें दारावर लिहून ठेवावें असें पुतण्याचें मत पडलें. कोणी पैठणास जाऊन नाथांचा वाडा पाहतात व जायकवाडीच्या जलाशयावर उतरलेले पक्षी पाहून येतात. १९८६ पासून तें अभयारण्य आहे, रोहित आणि चक्रवाक पाहून आलेले पाहुणे मोठ्या हर्षानें परततात आणि प्रथम विचारतात, "गरम पाणी मिळेल ना?"

मिळतें. कोठून मिळतें, हें विचारण्याची मात्र कोणास आठवण होत नाहीं.

गेलीं कित्येक वर्षें ह्या शहराच्या पुष्कळ भागांत नळाला रोज पाणी आलेलें नाहीं. तें कित्येक दिवसांच्या अंतरानें, पाळीपाळीनें येत आलें आहे. पाणी कमी आहे असें म्हणावें तर पैठणजवळ गोदावरी अडवून केलेला नाथसागर केवढा थोरला! त्या धरणाचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्री यांनीं घातला, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. पण तो जलाशय शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटर दूर आणि शहराहून सुमारें तीनशें फूट खालीं आहे. तेव्हां तेथील प्रत्येक थेंब पंपांनीं वर चढवावा लागतो. आणि २०११ च्या खानेसुमारींत पावणेबारा लाखांच्या घरांत गेलेलें हें शहर त्यानंतरही वाढतच राहिलें आहे.

जुन्या काळीं येथें अगदीं निराळी तऱ्हा होती. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें उत्तरेकडील डोंगरांतलें पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरांत खेळविलें. त्याला पंप लागला नाहीं कीं वीज लागली नाहीं. सारा हिशेब उताराचा. पुढें बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं अशाच एका नहरीच्या पाण्यावर चालणारें जातें उभें राहिलें. तीच प्रसिद्ध पाणचक्की. तेथें पाणी आपण होऊन येई आणि यात्रेकरूंचें दळणही दळून देई. अर्थात् त्या वेळचें शहर लहान होतें, आणि त्या नहरी आजच्या वस्तीला पुरल्या नसत्या, हें उघड आहे. तथापि पाणचक्की पाहतांना आमच्या मनांत नेहमीं एक विचार येतो. तेव्हां पाण्यानें माणसाचें एक काम वांचविलें होतें. आतां पाणीच घरांतल्या एका माणसाचें काम होऊन बसलें आहे.

तें माणूस कोणतें, हें आम्हांस कसें कळलें तें सांगतों.

चार वर्षांपूर्वींचा डिसेंबर. आमच्या घरांत तेव्हां अकरा माणसें होतीं. आमच्या गल्लींत पाण्याची पाळी पहाटे साडेतीनच्या पुढें येई. पाळीच्या दिवशीं थोरल्या वहिनी तीनला उठत. गजर लावण्याची त्यांस गरज नसे. प्रथम येणारें गढूळ पाणी सोडून द्यावयाचें, मग पिण्याचें तांब्याचें पिंप, मग देवाचे हंडे, मग अंगणांतील हौद, आणि शेवटीं मोटर लावून गच्चीवरील टाकी. हा क्रम त्यांच्या हाताला बसलेला होता. साडेपांचपर्यंत सर्व उरकून त्या चहा ठेवीत. आम्ही सात वाजतां उठत असूं, नळ सोडीत असूं, व पाणी आहे असें पाहून वर्तमानपत्र उघडीत असूं. त्यांत शहराच्या पाणीप्रश्नावर अग्रलेख असला तर मोठ्यानें वाचून दाखवीत असूं.

त्या दिवशीं वहिनी उठल्या नाहींत. प्रथम जाग आली ती आईला. रिकाम्या नळांतून हवेचा सूंसूं आवाज येऊं लागला तो तिनें ऐकला. तिनें दादांना उठविलें, दादांनीं आम्हांस. दोघे पदवीधर बंधु काळोखांत कुडकुडत अंगणांत उभे राहिलों आणि नळाची मुख्य चावी कोठें आहे ह्याचा शोध करूं लागलों. ती सांपडली तेव्हां मोटर लावली. मोटर घों घों करीत चालली. पाऊण तासानें गच्चीवर जाऊन पाहतों तों टाकी कोरडी. मोटरनें हवा धरली होती. तोंवर नळाची धारही बारीक होऊन थांबली. हातीं लागल्या त्या दोन बादल्या. पुढील पाळी सहा दिवसांनीं, आणि त्याच संध्याकाळीं वेरूळ पाहावयास चार पाहुणे यावयाचे होते.

वहिनी अंथरुणांत होत्या. ताप होता आणि श्वास लागत होता. आम्ही त्यांच्या खोलींत गेलों तेव्हां त्यांनीं विचारलें तें एवढेंच, "मोटरची हवा काढली होती का? वरून तांब्याभर पाणी ओतावें लागतें." दहा माणसांपैकीं एकालाही हें ठाऊक नव्हतें.

पाण्याचा टँकर मागविला, पाहुण्यांना कळविलें, आणि डॉक्टरांना बोलावलें. निदान न्यूमोनियाचें निघालें, आणि वहिनींना पांच दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें. न्यूमोनिया थंडीनें होत नाहीं, तो जंतूंमुळें होतो, हें आम्ही जाणतों. तेव्हां पहाटेच्या गार पाण्यावर सारा दोष ठेवण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु डॉक्टरांनीं खोकला किती दिवसांपासून आहे असें विचारलें, तेव्हां दादांनीं "दोन-तीन दिवस" म्हटलें, आणि आमची आठ वर्षांची पुतणी मध्येंच म्हणाली, "नाहीं, काकू दिवाळीच्या सुटीपासून खोकतात." तें खरें होतें. खोकला आम्हीं सर्वांनीं ऐकला होता. त्याची चौकशी कोणींच केली नव्हती.

पैठणची एक कथा वाचकांस ठाऊक आहे. एकनाथमहाराजांच्या घरीं श्रीखंड्या नांवाचा एक गडी बारा वर्षें गोदावरीचें पाणी कावडीनें वाहत होता. त्यानें रांजण भरावा, गंध उगाळावें, पडेल तें काम करावें. एके दिवशीं द्वारकेहून एक भक्त देवाचा शोध करीत आला, आणि तेव्हां घरांतील मंडळींस कळलें कीं हा पाणक्या म्हणजे प्रत्यक्ष भगवान् होता. पण कळलें त्या क्षणीं तो गुप्त झाला होता. आम्ही ही कथा लहानपणापासून भक्तीची कथा म्हणून ऐकत आलों. रुग्णालयाच्या बांकावर बसून तीच कथा आठवली तेव्हां तिचा दुसरा अर्थ ध्यानांत आला. बारा वर्षें ज्याचें पाणी प्यालें त्याच्या तोंडाकडे त्या घरांतल्या इतर माणसांनीं नीट पाहिलें नव्हतें. आमच्या वहिनी देव नाहींत. त्यांना देव म्हणून हात जोडणें म्हणजे पुन्हां त्यांच्याकडूनच पाणी भरून घेण्याची सोय करणें होय. त्या बरोबरीच्या माणूस आहेत, आणि माणसाला पहाटे तीन वाजतां झोंप येते.

वहिनी घरीं आल्यावर आम्हीं बसून एक व्यवस्था केली. घरांतील धडधाकट आठ माणसांच्या चार जोड्या पाडल्या, आणि पाण्याच्या पाळ्या त्यांत वांटून दिल्या. प्रत्येक जोडींत एक पुरुष. वहिनींना तो सबंध हिंवाळा पाळी नाहीं. हौद, चावी, मोटर व तिची हवा ह्या सर्वांची माहिती वहिनींनीं सर्वांस एकदां उभें राहून करून दिली. ती पुतण्यानें लिहून काढून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. जो पहाटे उठेल त्याला त्या दिवशीं पहिलें गरम पाणी, व सकाळच्या इतर कामांतून सुटी. आणि कोणाचाही खोकला तीन दिवसांवर गेला तर तो विचारल्यावांचून राहूं नये.

ह्यावर घरांतच आक्षेप निघाले. दादा म्हणाले, पुरुषांना दिवसभर कचेरीचें काम असतें. त्यावर त्यांच्या धाकट्या सुनेनें नम्रपणें आठवण दिली कीं कचेरी तिलाही आहे. दुसरा आक्षेप सोंवळ्याचा. देवाचे हंडे पारोशा हातानें कसे भरावे? हा प्रश्न आम्हीं आईपुढें ठेवला, कारण सोंवळें तिच्याइतकें कोणी पाळीत नाहीं. ती म्हणाली, "देवाला कोणींही भरलेलें चालतें. भरलेलेंच नाहीं, तें कसें चालेल?" त्यानंतर तो विषय निघाला नाहीं.

व्यवस्था एकदम सुरळीत चालली असें म्हणणें खोटें होईल. आमच्याच पाळीला टाकी भरून वाहूं लागली आणि शेजाऱ्यांनीं आम्हांस उठविलें, कारण आम्ही मोटर लावून खुर्चींत झोंपलों होतों. पुतण्या कानांत गाणीं घालून उभा राही. एकदां नळाचें पाणी थांबलें तें त्याला कळलें नाहीं. परंतु ह्याहून नवल वाटावें अशी गोष्ट वहिनींची. पहिले दोन महिने पाळीच्या प्रत्येक पहाटे त्या तीनला जाग्या होत, आणि अंथरुणांत पडून नळाचा, हंड्यांचा, मोटरचा आवाज ऐकत राहत. चावी वेळेवर फिरली कीं नाहीं, ह्याची त्यांना खात्री पटत नसे. काम अंगावरून उतरलें तरी त्याची काळजी उतरावयास आणखी वेळ लागतो, हें आम्हांस तेव्हां समजलें. माघ संपत आला असतां एके पहाटे आम्हीं पाणी भरून चहा ठेवला, सात वाजले, तरी वहिनींच्या खोलीचें दार लागलेलें होतें. दादा घाबरून उठवावयास निघाले. आईनें त्यांना हातानें थांबविलें व भांडीं आपटूं नका म्हणून मुलांना खूण केली.

शहराच्या पाण्याचा मोठा प्रश्न योजना, पंप आणि नळ ह्यांनीं सुटावयाचा आहे, आणि नागरिकांनीं त्यासाठीं बोलत राहिलें पाहिजे. पण तो सुटेपर्यंत घरांतील वांटणीचा प्रश्न थांबवून ठेवण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या गांवीं चोवीस तास पाणी आहे त्यांच्याही घरीं हिंवाळ्याच्या काळोख्या पहाटे कोणी तरी सर्वांच्या आधीं उठत असतें. कोठें दुधासाठीं, कोठें डब्यांसाठीं, कोठें आजाऱ्याच्या औषधासाठीं. वाचकांनीं हा अंक मिटून ठेवण्यापूर्वीं आपल्या घरांतील तें माणूस कोणतें एवढें आठवून पाहावें, आणि उद्यां पहाटे एकदां त्याच्या आधीं उठावें.